पिरॅमिडच्या पोटातील दफनकक्ष नेमका कशासाठी होता?

मृण्मयी_वाचते

नमस्कार मंडळी. इजिप्तच्या पिरॅमिडांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते, पण त्यातले बहुतेक लेखन उंची, दगडांची संख्या आणि ते दगड वर कसे चढवले या प्रश्नांभोवतीच फिरते. माझा प्रश्न आतल्या खोलीविषयी आहे. गिझा येथील खुफू राजाच्या पिरॅमिडची मूळ उंची सुमारे १४६ मीटर होती, आणि त्याच्या आतली ‘राजाची खोली’ मात्र जेमतेम साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटर रुंद आणि पावणेसहा मीटरच्या आसपास उंच आहे. भिंतींवर एक अक्षर नाही की एक चित्र नाही. पश्चिमेच्या बाजूला झाकण नसलेली ग्रॅनाइटची शवपेटी आहे, आणि तिच्याखेरीज खोलीत काहीही नाही.

एवढा डोंगर रचून त्यात एवढीशी खोली ठेवण्यामागे हेतू काय असावा? शव आणि त्याच्यासोबतचा खजिना चोरांपासून वाचवणे, हे नेहमीचे उत्तर. मला ते अपुरे वाटते. ही खोली निव्वळ तिजोरी नव्हती; मृत राजाचे पुन्हा जिवंत होणे जिथे घडायचे, अशी ती जागा होती आणि सुरक्षितता हा त्या हेतूचा एक भाग होता, असे माझे मत आहे. जाणकारांनी आपले म्हणणे पुराव्यांसह मांडावे, ही विनंती.

सह्यकडा

मृण्मयीताई, धागा उत्तम काढलात. पण आपण एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती आधी तपासायला हवी. या खोल्यांत राजांना खरोखर पुरले होते का?

सक्कारा येथे सेखेमखेत राजाचा अपूर्ण पिरॅमिड आहे. १९५४ मध्ये झकारिया गोनेम यांनी त्याच्या दफनकक्षात प्रवेश केला, तेव्हा अलाबास्टर या पांढरट दगडाच्या एकाच अखंड शिळेतून कोरलेली शवपेटी त्यांना मिळाली. तिला वर झाकण नव्हते. एका टोकाला वर सरकणारी दगडी झडप होती आणि ती जागच्या जागी गच्च लिंपलेली होती. बाहेरच्या वाटेत सोन्याची २१ कंकणे सापडली होती, म्हणजे चोर तिथवर पोचले नव्हते असे मानायला जागा होती. सगळ्यांसमक्ष पेटी उघडली आणि ती रिकामी निघाली.

दुसरे उदाहरण खुफूचा पिता स्नेफ्रू याचे. मैदूमचा पिरॅमिड, दहशूरचा वाकलेला पिरॅमिड आणि तिथलाच लाल पिरॅमिड अशा तिन्हींशी त्याचे नाव जोडलेले आहे. राजा एक, शव एक, आणि खोल्या मात्र तिन्ही पिरॅमिडांत. निदान काही कक्ष तरी प्रत्यक्ष दफनासाठी नसून प्रतीकात्मक असावेत, असे मला वाटते.

काळी_शाई

सह्यकडा, सेखेमखेतची शवपेटी हे खरोखरच अवघड उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. परंतु ‘पिरॅमिडमध्ये कधी राजाचे शव सापडलेच नाही’ हा जो समज त्यावरून सर्वत्र पसरला आहे, तो चुकीचा आहे.

अबुसीर येथे पाचव्या राजवंशातील नेफेरेफ्रे राजाच्या दफनकक्षात चेक पुरातत्त्वज्ञांना ममीचे अवशेष मिळाले. ते विशीतल्या तरुणाचे आहेत आणि कार्बन कालमापनातून निघालेला काळही जुळतो. त्याच राजवंशातल्या जेदकारे इसेसीच्या पिरॅमिडमध्येही १९४० च्या दशकात ममीचे अवशेष सापडले होते. पुढे त्यांचीही तपासणी झाली आणि ते त्याचेच असल्याचा निष्कर्ष निघाला. सगळे तुकड्यांच्या स्वरूपात आहे, कारण चोरांनी सोने काढण्यासाठी ममी फाडल्या. तरीही शव होते, हे त्यावरून नि:संशय दिसते.

यातले नेफेरेफ्रेचे उदाहरण मृण्मयीताईंच्या प्रश्नाला थेट भिडते. हा राजा लवकर वारला, तेव्हा त्याच्या पिरॅमिडचा जेमतेम खालचा टप्पा उभा राहिला होता. वारसांनी पिरॅमिड पुढे बांधलाच नाही. होता तेवढ्यावरच काम थांबवून त्याला सपाट माथ्याच्या बुटक्या ओट्याचे रूप दिले. मात्र दफनकक्ष पूर्ण केला आणि शेजारचे मंदिरही उभारले. म्हणजे टोकदार शिखर नसले तरी चालत होते, पण कक्ष आणि मंदिर यांच्यावाचून भागत नव्हते.

अनुराधा_देशस्थ

काळी_शाई, चोरांनी शवाची अशी विटंबना केल्याचा काही लेखी पुरावा आहे का, की हा केवळ तर्क आहे? मला यातले फारसे ठाऊक नाही, म्हणून विचारते.

काळी_शाई

अनुराधाताई, लेखी पुरावा आहे आणि तो मन विषण्ण करणारा आहे. नवव्या रामसेसच्या कारकीर्दीत, म्हणजे इ.स.पू. ११०० च्या थोडे आधी, थडगी फोडणाऱ्या टोळीवर खटला चालला. त्यातील कबुलीजबाब पपायरसवर (लव्हाळ्यापासून बनवलेल्या कागदावर) लिहिलेला आजही उपलब्ध आहे. त्या पपायरसचे दोन तुकडे झाले होते आणि त्यांपैकी एक १९३५ मध्ये ब्रुसेल्सला एका लाकडी मूर्तीच्या पोकळीत सापडला.

या टोळीने थीब्ज येथील सोबेकेमसाफ राजाचा पिरॅमिड फोडला होता. तांब्याच्या हत्यारांनी भुयार खणून आत गेल्यावर आपल्याला राजा पहुडलेला दिसला, त्याच्या गळ्यात सोन्याचे दागिने आणि ताईत होते, शवपेट्या आतून-बाहेरून सोन्या-चांदीने मढवल्या होत्या, असे आरोपी सांगतो. शेजारी राणीही होती. त्यांनी सोने ओरबाडले, शवपेट्यांना आग लावली आणि १६० देबेन, म्हणजे साधारण साडेचौदा किलो सोने आठ जणांत वाटून घेतले. लुटण्यापूर्वीचा शाही दफनकक्ष कसा दिसत असे, याचे इतके जवळून केलेले वर्णन दुर्मीळच. हा पिरॅमिड खुफूनंतर हजार वर्षांनी बांधलेला आहे हे मान्य, पण पिरॅमिड रिकामे का आढळतात हे समजायला तो पुरेसा आहे.

स्थापत्यप्रेमी

मी बांधकाम क्षेत्रात काम करतो, त्यामुळे त्याच दृष्टीने लिहितो. खोलीचा हेतू समजून घ्यायचा असेल, तर बांधणाऱ्यांनी तिच्यासाठी किती कष्ट सोसले ते पाहावे.

खुफूच्या राजाच्या खोलीचे छत ग्रॅनाइटच्या नऊ तुळयांचे आहे आणि त्यांचे एकूण वजन ४०० टनांच्या आसपास भरते. हा ग्रॅनाइट आस्वानहून, सुमारे ८०० किलोमीटरवरून, नाईल नदीतून आणलेला आहे. बाकी पिरॅमिडचा बहुतांश दगड जवळच्याच खाणीतली चुनखडी आहे. आतल्या एका खोलीसाठी मात्र त्यांनी एवढ्या लांबून दगड आणला. छताच्या वर एकावर एक पाच पोकळ कप्पे आहेत आणि सर्वांत वरच्या कप्प्याला चुनखडीच्या अजस्र शिळांचे दुपाखी छप्पर आहे. वरच्या डोंगराचा भार या दुपाखी छपरामुळे दोन्ही अंगांना वळवला जातो.

एक बारकावा मुद्दाम सांगतो. छताच्या तुळयांना दक्षिणेच्या बाजूला तडे गेलेले आहेत आणि त्या तड्यांत जुन्या काळीच गिलावा भरलेला इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना आढळला. म्हणजे काम चालू असतानाच छत तडकले, बांधणाऱ्यांना ते कळले, आणि तडा पुढे वाढतो आहे का हे पाहण्यासाठी किंवा किमान तो झाकण्यासाठी कोणीतरी वर चढून लिंपण केले. तडकलेल्या इमारतीवर नजर ठेवताना आम्ही आजही तड्यावर खुणेचा लेप लावतो. त्यामुळे हे वाचले तेव्हा साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनाम गवंड्याविषयी मला विलक्षण आपुलकी वाटली.

शवपेटीविषयी आणखी एक. ती खोलीकडे नेणाऱ्या चढत्या वाटेच्या खालच्या तोंडापेक्षा किंचित रुंद आहे. याचा अर्थ, खोलीच्या भिंती उभ्या राहत असतानाच, छत घालण्यापूर्वी, ती आत ठेवलेली असणार. खोली शवपेटीभोवती बांधली गेली, असे म्हटले तरी चालेल. ज्या खोलीची सुरुवातच शवपेटीपासून झाली, तिचा हेतू दफनाखेरीज दुसरा काही होता हे मला पटत नाही.

विजिगीषु२१

समाजमाध्यमांवर एक चित्रफीत फिरते आहे, तिच्यात पिरॅमिड हे प्राचीन वीजनिर्मिती केंद्र होते असे सांगितले आहे. खोलीतला ग्रॅनाइट आणि खोलीच्या भिंतींतून बाहेर जाणाऱ्या अरुंद हवेच्या वाटा हाच त्याचा पुरावा, असे ते म्हणतात. यात काही तथ्य आहे का?

स्थापत्यप्रेमी

विजिगीषु, तथ्य नाही. मी वर ज्या पाच कप्प्यांचा उल्लेख केला, त्यांच्या भिंतींवर मजुरांच्या टोळ्यांनी तांबड्या रंगाने केलेल्या खुणा आहेत आणि त्यांत खुफूचे नाव येते. वरचे चार कप्पे १८३७ मध्ये सुरुंग लावूनच उघडावे लागले, तोवर तिथे कोणी गेलेले नव्हते. काही खुणा उलट्या आहेत, काही दगडांच्या सांध्यात शिरलेल्या आहेत, म्हणजे त्या दगड बसवण्यापूर्वीच केलेल्या आहेत.

शिवाय लाल समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये पिएर तालेत यांच्या चमूला पपायरस मिळाले. मेरेर नावाचा मुकादम आपल्या माणसांसह तुरा येथील खाणीतून चुनखडी नावेत घालून गिझाला पोचवत असे, त्याची ती रोजनिशी आहे. बांधकाम कोणाच्या राजवटीत आणि कोणाच्या हातून झाले, याबद्दल त्यानंतर शंका घेण्याचे कारण उरत नाही. त्या अरुंद वाटांचा नेमका उपयोग हा वेगळा विषय आहे. राजाच्या आत्म्याला ताऱ्यांकडे जाण्याची ती वाट असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

शांभवी_लेखन

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे वळते. खुफूच्या खोलीच्या भिंती कोऱ्या आहेत, पण त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी एका राजाने भिंतींनाच बोलते केले. पाचव्या राजवंशाचा शेवटचा राजा उनास, इ.स.पू. सुमारे २३५०. सक्कारा येथील त्याच्या पिरॅमिडचा दफनकक्ष गास्तों मास्पेरो यांनी १८८१ मध्ये उघडला. आतल्या भिंतींवर ओळीच्या ओळी कोरलेल्या असून अक्षरांत निळा रंग भरलेला आहे, दुपाखी छतावर तारे आहेत, आणि पश्चिमेला काळसर दगडाच्या शवपेटीभोवतालची भिंत अलाबास्टरची असून तिच्यावर राजवाड्याच्या दर्शनी भागाची नक्षी आहे. हेच ‘पिरॅमिड मंत्र’.

या मंत्रांत चोरांना दिलेला दम शोधायला गेले तर फारसा सापडत नाही. शवपेटीजवळच्या दक्षिण भिंतीवरचा मंत्र उनासला उद्देशून सांगतो की तू मेलेला निघून गेलेला नाहीस, तू जिवंत निघून गेला आहेस. उत्तर भिंतीवर नैवेद्याचा विधी आहे. कोणता पदार्थ, कोणते तेल, कोणते वस्त्र कोणत्या क्रमाने अर्पण करायचे ते तिथे ओळीने दिलेले आहे. तिथून बाहेर पडले की पुढचा दालनवजा कक्ष लागतो आणि मग वाट उत्तरेकडे जाते. उत्तरेच्या आकाशातले जे तारे कधीच मावळत नाहीत, त्यांना इजिप्तचे लोक ‘अविनाशी’ म्हणत आणि राजाने त्यांच्यात जाऊन मिळायचे होते. अनेक अभ्यासकांच्या मते या खोल्यांची मांडणी हाच एक प्रवास आहे: शवपेटीत रात्र, पुढच्या दालनात पहाट आणि उत्तरेच्या वाटेने आकाश.

उनासनंतरच्या काही पिरॅमिडांत तर एक विलक्षण गोष्ट दिसते. मंत्रांतली माणसांची आणि प्राण्यांची चित्राक्षरे मुद्दाम अर्धी कोरलेली किंवा तोडलेली आहेत, जेणेकरून ती जिवंत होऊन राजाला इजा करणार नाहीत. त्या खोलीत कोरलेली गोष्ट जिवंत होते, अशी कोरणाऱ्याची खात्री होती. ही खात्री समजून घेतली, तर मृण्मयीताईंचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

दत्ताजी_मुळे

शांभवीताईंचा प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु मी ठामपणे असहमत आहे. जुन्या राज्याच्या, म्हणजे खुफू-उनासच्या काळापुरते ते खरे असेल. त्यानंतर काही शतकांनी, मध्य राज्यात काय झाले ते पाहा.

हवारा येथे तिसऱ्या अमेनेमहातचा पिरॅमिड आहे. त्याचा दफनकक्ष क्वार्टझाइटच्या एकाच शिळेतून कोरलेला असून तिचे वजन सुमारे ११० टन धरले जाते. क्वार्टझाइट फोडायला ग्रॅनाइटहूनही कठीण. या कुंडावर छताच्या शिळा होत्या आणि त्यांतली एक वाळूच्या आधारावर उचलून धरलेली होती. दफन झाल्यावर बाजूच्या वाटांतून वाळू काढून घेतली की ती शिळा आपल्या भाराने खाली येऊन बसे. तिथवर पोचण्याच्या वाटेत फसवे बोळ, छतात दडवलेली तोंडे आणि सरकत्या दगडी झडपा. हा सगळा खटाटोप पाहिला की शव राखणे हाच मुख्य हेतू होता, असे म्हणावे लागते.

यापेक्षा मोठा पुरावा दिशेचा आहे. आपण म्हणता की उत्तरेची वाट ताऱ्यांकडे जाणारी म्हणून आवश्यक होती. मग दुसऱ्या सेनुस्रेतने लाहूनला प्रवेश दक्षिणेकडे, तोही पिरॅमिडच्या बाहेर जमिनीत दडवून का ठेवला? हवाऱ्याचा प्रवेशही दक्षिणेलाच आहे. चोरांना ठाऊक असलेली उत्तर दिशा टाळण्यासाठी त्यांनी शतकानुशतकांचा संकेत मोडला. धर्म आणि सुरक्षितता यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा सुरक्षितता जिंकली. आणि एवढे करूनही १८८९ मध्ये पेट्री पाणी भरलेल्या त्या कक्षात उतरले, तेव्हा चोर त्यांच्या कितीतरी आधी येऊन गेलेले होते.

शांभवी_लेखन

दत्ताजी, दिशेचा मुद्दा वजनदार आहे. मात्र त्याचा अर्थ मी निराळा लावते. त्या काळापर्यंत ओसायरिसची उपासना फार वाढली होती. ओसायरिस हा पाताळाचा स्वामी; त्याच्या थडग्याची कल्पना वळणावळणांची आणि पाण्याने वेढलेली अशी होती. लाहून आणि हवारा येथील नागमोडी बोळांमागे ती कल्पनाही असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे धर्म हरला असे न म्हणता धर्मच बदलला असे म्हणता येईल. शव राखायचे ते तरी कशासाठी? शव नष्ट झाले तर ‘का’ (जीवनशक्ती) आणि ‘बा’ (आत्मा) यांना परत येण्यासाठी ठिकाणच उरत नाही म्हणून. आपण ज्याला सुरक्षितता म्हणता, ती या श्रद्धेपासून वेगळी काढता येणार नाही.

दत्ताजी_मुळे

वेगळी काढता येत नाही हे मान्य. पण ११० टनांची शिळा कोरणाऱ्याच्या मनात पहिला विचार चोराचा होता, यावर मी कायम आहे.

कोकणचा_वाटसरू

चर्चा वाचून ज्ञानात मोलाची भर पडते आहे. मला खुफूच्या पिरॅमिडविषयीच एक विचारायचे आहे. तिथे तीन खोल्या आहेत ना? खडकात खोदलेली खालची अपूर्ण खोली, मधली ‘राणीची’ आणि वरची राजाची. एका राजाला तीन कशाला?

काळी_शाई

यावर दोन मते आहेत. जर्मन अभ्यासक लुडविग बोरखार्ट यांचे म्हणणे असे की बांधकाम चालू असताना बेत दोनदा बदलला आणि दफनकक्ष खालून वर सरकत गेला. राइनर श्टाडेलमान यांच्या मते तिन्ही खोल्या सुरुवातीपासूनच योजलेल्या होत्या आणि तीन कक्षांची ती रीतच होती. मला दुसरे मत अधिक पटते, कारण स्नेफ्रूच्या लाल पिरॅमिडमध्येही तीन दालने आहेत. मधल्या खोलीत राणीला पुरले नव्हते, एवढे मात्र नक्की. ते नाव पुष्कळ नंतरचे आहे. खुफूच्या राण्यांसाठी पूर्वेला स्वतंत्र छोटे पिरॅमिड आहेत.

हीच कल्पना मागे नेली तर तिसऱ्या राजवंशातल्या जोसेर राजापाशी पोचतो. त्याच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली २८ मीटर खोल विहिरीच्या तळाशी ग्रॅनाइटचा कक्ष आहे. त्याच आवारात दक्षिणेला तसेच दुसरे थडगे आहे, पण त्याचा कक्ष माणसाला आडवे होण्याइतकाही मोठा नाही. दोन्हींच्या जवळच्या भुयारांत निळ्या चकचकीत फरशांनी राजवाड्यातल्या वेताच्या पडद्यांची नक्कल केलेली आहे. एक कक्ष देहासाठी आणि दुसरा बहुधा ‘का’साठी. सह्यकडा ज्याला प्रतीकात्मक म्हणतात, ते इथे आहे. पण ते खऱ्या दफनाच्या जोडीला आहे.

सह्यकडा

जोसेरच्या दक्षिण थडग्याचा उल्लेख आला हे बरे झाले, माझा मुद्दा तोच होता. प्रतीकात्मक कक्ष ही कल्पना त्यांना परकी नव्हती. सेखेमखेत हा जोसेरच्या लगेच नंतरचा, त्यामुळे त्याची रिकामी पेटीही त्याच परंपरेतली असणे शक्य आहे.

स्थापत्यप्रेमी

सेखेमखेतबद्दल शक्य आहे, परंतु स्नेफ्रूचे कारण मला बांधकामाचे दिसते. वाकलेल्या पिरॅमिडच्या आत तडे गेले, वरच्या कक्षात देवदाराचे वासे टेकू म्हणून लावावे लागले आणि ते आजही तिथे आहेत. उतार सुमारे ५४ अंशांवरून ४३ अंशांवर आणावा लागला. ज्या कक्षाच्या भिंती सरकताहेत, त्यात आपल्या राजाला चिरकाल कोण ठेवील? म्हणून लाल पिरॅमिड नव्याने, सुरुवातीपासूनच कमी उताराने बांधला गेला.

मृण्मयी_वाचते

सर्वांचे मनापासून आभार. दत्ताजींच्या दिशेच्या मुद्द्यावर मी बराच विचार केला. तरीही एक गोष्ट मांडावीशी वाटते. आपण सगळे खोलीच्या आत पाहत आहोत, पण काळी_शाई यांनी नेफेरेफ्रेच्या संदर्भात मंदिराचा उल्लेख केला, तो मला कळीचा वाटतो. दफनानंतर कक्ष कायमचा बंद होत असे, आणि पूर्वेच्या अंगाला असलेले मंदिर मात्र रोज उघडत असे. पाचव्या राजवंशापासून तिथे आभासी दार असे, म्हणजे दगडात कोरलेले, कधीच न उघडणारे दार. पलीकडच्या कक्षातून राजा त्या दारातून येतो आणि नैवेद्य स्वीकारतो, अशी श्रद्धा होती. हे रोजचे कामकाज कसे चाले, याच्या काही नोंदी उपलब्ध आहेत का?

काळी_शाई

आहेत, आणि त्या अतिशय तपशीलवार आहेत. अबुसीर येथे नेफेरिरकारे राजाच्या मंदिराच्या दप्तरातले पपायरस १८९३ मध्ये उजेडात आले. पुढे नेफेरेफ्रेच्या मंदिरातही तसेच दप्तर सापडले. कोणत्या पुरोहिताची पाळी कधी, धान्य आणि मांस कुठून आले, कोणते दार मोहोरबंद आहे, हे सगळे त्यांत आहे. भांड्यांच्या यादीत कोणते भांडे कुठे टवका उडालेले, कोणते डागलेले, हेही लिहिलेले आहे. नेफेरिरकारेच्या दप्तरातील बऱ्याच नोंदी त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी, जेदकारेच्या काळात आणि त्याहीनंतर लिहिलेल्या आहेत. राजाला आत ठेवून पिढी उलटली तरी त्याच्या नावाने रोजचा हिशेब चालू होता.

दत्ताजी_मुळे

हे दप्तराचे मला ठाऊक नव्हते. पण मग हवाऱ्यालाही पिरॅमिडच्या दक्षिणेला प्रचंड मंदिर होते, ज्याला ग्रीक प्रवाशांनी भूलभुलैया म्हटले. मंदिर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या अंगाला न ठेवता प्रवेशाच्याच बाजूला ठेवले, तर प्रवेश लपवण्यासाठी दिशा बदलली हे माझे म्हणणे थोडे सैल पडते. लाहूनचा प्रवेश मात्र जमिनीत दडवलेलाच होता. शांभवीताई, यावर आपले मत वाचायला आवडेल.